रणगाड्याच्या पुढे कोण जातं

बाळा,

तुझा मेसेज वाचला. सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेची, लेखी निघाली, जाम आनंद झाला, पण ते शेवटी लिहिलंस ना, की काका मला इन्फन्ट्रीच (पायदळच) पाहिजे, इंजिनिअर्समधे जाऊन रस्ते कोण बांधत बसणार, ते मला लागलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

एप्रिल १९४८, काश्मीरमधली पाकिस्तानशी लढाई. नौशेराहून राजौरी घ्यायला आपली फौज निघाली. ८ तारखेला डोग्रा रेजिमेंटच्या जवानांनी बारवालीची टेकडी घेतली आणि पुढे सगळंच अडलं, कारण रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं पाडून आडवी टाकलेली, आणि डोंगरावरून शत्रू बघतोय. रणगाडे मागे नुसते उभे. तेव्हा पुढे गेले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे आपल्या खडकीच्या लष्करी इंजिनिअर्सपैकी. उखळी तोफांचा मारा सुरू झाला, त्यांच्या तुकडीतले दोघं तिथेच गेले, पाच जखमी, त्या पाचात राणे स्वतः. तरी संध्याकाळपर्यंत रणगाड्यांना वाट मिळाली.

पुढे तर अजून अवघड होतं. रणगाड्याच्या खाली राहून त्याच्याबरोबर सरपटत सुरुंग काढायचे, आणि वरच्या ड्रायव्हरला थांब, चल हे सांगायचं दोरी ओढून! १० तारखेला पाच चीडची (पाइनची) झाडं आडवी, भोवती सुरुंग, वरून मशीनगन, ते दोन तासात मोकळं केलं. ११ ला सकाळी वाटेतल्या चिंगसपर्यंत रस्ता उघडला आणि रात्रीपर्यंत पुढचं काम चालूच होतं. १२ ला फौज राजौरीत. रस्ता लवकर उघडला म्हणून तिथली कित्येक माणसं वाचली, आणि राण्यांना परमवीर चक्र मिळालं. ते हयात असताना मिळालं, हे पण लक्षात ठेव.

मी पहिल्यांदा सुरुंग शोधायला पोटावर झोपून सळई तिरकी घालत जमीन चाचपली तेव्हा हातभर सरकायला घाम फुटला होता, आणि ते नुसतं ट्रेनिंग होतं, कोणी गोळ्या झाडत नव्हतं. चढाई किती वेगाने होणार ते पुष्कळदा त्या सळईवाल्यावर ठरतं रे.

इन्फन्ट्री घे, जरूर घे, मी अडवत नाही. पण जमीन वाचायला शीक. तू सिंहगड टायमिंग लावून चढतोस, पुढच्या वेळी घड्याळ घरी ठेव. पुणे दरवाज्याच्या खालच्या चढावर थांब आणि बघ, वर एकच माणूस बंदूक घेऊन बसला तर खालच्या किती जणांना रोखेल, आडोसा कुठे आहे, पाणी कोण वाहणार, जखमीला स्ट्रेचरवरून खाली न्यायला किती खांदे लागतील आणि ते खांदे लढाईतून काढले तर वर उरलं कोण. पावसाळ्यात तोच चढ परत बघ, चिखलात सगळी उत्तरं बदलतात. (उतरताना पळू नकोस, गुडघे अजून तीस वर्षं लागणारेत.)

रविवारी पहाटे पाचला गडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत ये. पाठीवर पंधरा किलो, आणि एक चांगला दोर आण, माझा जुना झालाय.

तुझा काका