आधी पार्ट, मग लेथ?

नाशिकच्या सिडकोतून एका वडिलांचं पत्र आलंय. अंबडला त्यांचं छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. मुलाला यंदा आडगावकडच्या कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. त्याला ९५ हजारांचा गेमिंग लॅपटॉप हवाय, वडिलांची तयारी ५० ची आहे. ते लिहितात : "कोडिंग उत्तम होईल पण गेम चालणारच नाही असा लॅपटॉप सुचवा. तो काय करतो ते मला मोबाइलवर दिसेल असं सॉफ्टवेअर असतं का? पहिल्या सेमला ९ पॉइंटर आणला तरच घेऊन देईन असं सांगितलंय. सीईटीला मागे पडला तो गेममुळेच. जुन्या डेस्कटॉपवर रात्रभर कसला तरी सर्व्हर चालू ठेवतो, लाइटबिल मी भरतो."

नमस्कार.

लॅपटॉपचं नंतर बघू. मला ती अट टोचली. सेम संपल्यावर लॅपटॉप देणार, मग सेमभर सी नाहीतर पायथन पोरानं कशावर लिहायचं? घरचा डेस्कटॉप काही पाठीवर टाकून कॉलेजात नेता येत नाही. वर्कशॉपला नवा पोरगा आला तर तुम्ही त्याला सांगता का, आधी पार्ट बनवून दाखव, मग लेथला हात लाव? लॅपटॉप त्याचं हत्यार आहे. तुम्ही त्याची ट्रॉफी करून कपाटावर ठेवलीय. शिवाय पहिल्या वर्षाचा पॉइंटर बराचसा गणित, मेकॅनिक्स अशा विषयांवर ठरतो. त्यावरून पोराला प्रोग्रामिंग जमतंय की नाही हे कळणारही नाही. सीईटीचा विषय आता बंद करा, प्रवेश झालाय.

आता तो 'कसला तरी सर्व्हर'. माझा अंदाज, माइनक्राफ्ट या गेमचा, मित्रांनी एकत्र खेळण्यासाठीचा असावा; या वयाची पोरं बहुधा तोच चालवतात. तसं असेल तर त्यानं जावा बसवलंय, गेमला किती मेमरी द्यायची ते कमांड लिहून ठरवलंय, घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून बहुतेक २५५६५ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत यायचं दार, उघडलाय, आणि मध्यरात्री सगळं बंद पडल्यावर लॉग, म्हणजे काय घडलं त्याची नोंद, वाचत बसलाय. यातलं बरंचसं कॉलेजात नेटवर्किंग शिकवायला घेतील तेव्हा येईल. म्हणून लगेच पोरगा प्रोग्रामर झाला असं समजू नका. व्हिडिओ बघून पायऱ्या गिरवणारेही पुष्कळ असतात. कोण कुठला हे एका प्रश्नात कळतं : "बंद पडला तेव्हा तू काय केलंस?" हा प्रश्न तुम्ही त्याला कधी विचारल्याचं पत्रात दिसत नाही. लाइटबिलाचं मात्र दिसतं.

आणि गेम न चालणारा कोडिंगचा लॅपटॉप बाजारात नाही. प्रोसेसर, रॅम, एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) दोन्हीकडे तीच लागते. व्हॅलरंट हा पोरांचा लाडका गेम २०१२ सालच्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सवरही कसाबसा चालतो. आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही बहुधा त्याहून बरं ग्राफिक्स असतं. चिरंजीवांचाही एक गैरसमज काढा. ग्राफिक्स कार्डामुळे कोड लवकर कंपाइल होत नाही, म्हणजे मशीनच्या भाषेत लवकर उतरत नाही. 'एआयसाठी लागतं' म्हणाला, तर शिकण्यापुरता जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) गुगल कोलॅब या वेबसाइटवर फुकट मिळतो. दुकानदार 'आय-सेव्हन आहे, साहेब' म्हणेल, त्यालाही भुलू नका. आय-सेव्हन १२५५यू हा १५ वॅटचा, त्यात ताकदीचे कोर (काम करणारे भाग) दोनच. आय-फाइव्ह १२४५०एच ४५ वॅटचा, त्यात चार. मशीन घेताना तुम्ही पाटीवरचं नाव बघत नाही, स्पिंडलचे किलोवॅट बघता. इथंही तसंच बघा.

मॉडेलचं नाव सांगत नाही, भाव सारखे हलतात. एच मालिकेचा (नंबरच्या शेवटी एच असलेला) प्रोसेसर, ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी आणि १६ जीबी रॅम घ्या. रॅम शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीवर प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स मंदावतं. रॅम बोर्डाला सोल्डर केलेली असेल तर नंतर वाढवता येत नाही, हे बिल करण्याआधी विचारा. वेगळं ग्राफिक्स कार्ड मी तरी घेणार नाही. नवे भारी गेम अडखळतील, हे त्याला आत्ताच सांगून टाका. गेमिंगवाला लॅपटॉप दोन-अडीच किलोचा, त्यावर अर्ध्या किलोची चार्जरची वीट, आणि बॅटरी लवकर उतरते. सिटीलिंक बसमध्ये उभ्यानं सिडको ते आडगाव तो बोजा रोज त्यालाच वाहायचाय. तुमच्या ५० वर मात्र दहा-पंधरा हजार चढवायची तयारी ठेवा. ८ जीबीवर भागवलंत तर क्रोम आणि मोबाइल ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ एकत्र उघडले की तो रडेल, आणि मग पोरगाही.

पाळत ठेवायचं सॉफ्टवेअर असतं. कॉम्प्युटरच्या पोराला ते आठवड्यात सापडेल, आणि त्यानंतर तो तुम्हाला सर्व्हरचंही काही सांगणार नाही. त्यापेक्षा रविवारी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसा, त्याला तो सर्व्हर दाखवायला सांगा. लॅपटॉप आणायला दुकानात दोघं जा. घासाघीस तुम्ही करा, स्पेसिफिकेशन त्याला वाचू द्या.

डेस्कटॉप विकू नका. रात्रीचे आठ तास, शंभर वॅट धरले तरी महिन्याला २४ युनिट होतात. त्याचे पैसे त्याच्याकडूनच घ्या. मित्र फुकट खेळतात ना, काढू दे वर्गणी.