लेंड्यांचा पांढरा कडा

प्रश्न : माझी सून इंग्लंडमध्ये डोव्हरजवळ राहते. तिथला पांढराशुभ्र कडा दाखवून ती नातवाला सांगत होती, की हा शेवाळापासून झालाय. शेवाळ कुजतं, त्याचा दगड कसा होईल? आणि आम्ही जन्मभर फळ्यावर लिहिलं तो हाच खडू का? – एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : बाई, सूनबाई बरोबर सांगताहेत. पण ‘शेवाळ’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यात मोरीच्या भिंतीवर धरतं ते आलं असणार. ते बाजूला ठेवा. हे शैवाल एकाच पेशीचं, समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात तरंगणारं. आज सर्वाधिक आढळणाऱ्या एमिलियानिया हक्सलेयी या जातीची पेशी जेमतेम 5 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. तिच्या अंगभर कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडी ज्या खनिजाची असते त्याच्या, चकत्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. त्या कोकोलिथ. पेशी मेली की बाकीचं कुजतं, तिथवर तुमचा आक्षेप रास्त आहे. चकत्या मात्र चुनखडीच्या, त्या उरतात.

चकती बाहेरून साचत नाही, पेशीच्या पोटात घडते. आधी सेंद्रिय पदार्थाचा पातळ लंबगोल पाया, त्याच्या काठाने ओळीने बारीक स्फटिक, एक उभा तर शेजारचा आडवा. ते वाढून एकमेकांत गुंतले की तयार चकती बाहेर ढकलली जाते. एमिलियानियाला एका चकतीला साधारण तासभर लागतो.

एवढं नेटकं काम जिवंत पेशीचं आहे, हे मोठमोठ्यांना उमगलं नाही. 1836 मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटाच्या खडूच्या दगडात या चकत्या पाहिल्या आणि निर्जीव ठरवल्या. 1858 मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सले यांनी अटलांटिकच्या तळच्या गाळात पाहून त्यांना नाव दिलं, पण मूळ ओळखलं नाही. शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी 1861 मध्ये दाखवून दिलं, की चकत्या सपाट नाहीत, बशीसारख्या एका अंगाने खोलगट आहेत. स्फटिक आपणहून असे वाकत नाहीत. दगडाचे पारदर्शक काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची वाट घालून देणारे हेच सॉर्बी. आम्ही खडकवाले त्यांचं नाव आदराने घेतो.

आता दगड. सुटी चकती इतकी हलकी, की तिला तळ गाठायला वर्षानुवर्षं लागावीत. पण कोपेपॉडसारखे सूक्ष्म प्राणी हे शैवाल खातात आणि त्यांच्या लेंड्यांतून चकत्या भराभर खाली जातात. डोव्हरच्या कड्यातला बराच माल असाच आलेला असावा. नातवाला हे जरूर सांगा, सुनेपेक्षा तुमची गोष्ट जास्त आवडेल. तळाशी साचून दगड झालेला तो गाळ साधारण 9 कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट त्यापुढे तरुण, सुमारे 6.6 कोटींचा. डेन्मार्कमधल्या स्टेव्हन्सच्या कड्यात तर खडूचा थर नेमका त्याच सुमारास थांबतो आणि वर काळपट मातीची पातळ रेघ दिसते. डायनोसॉर गेले तेव्हाच कोकोलिथांच्याही बहुतेक जाती गेल्या.

फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा, चुनखडीचा नव्हे. लिंबू पिळून बघा : डोव्हरचा दगड फसफसेल, जिप्समचा खडू ढिम्म राहील. चकत्याच बघायच्या तर कॉलेजची प्रयोगशाळा गाठा. दाताच्या काडीने दगडाची कणभर पूड काचपट्टीवर घ्यायची, थेंबभर पाण्यात पातळ फासायची, वाळवायची. हजारपट भिंगाखाली दोन ध्रुवीकारक (प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणारी पटलं) एकमेकांना काटकोनात धरले की सगळं काळं होतं आणि त्या काळ्यात चकत्या लखलखतात, प्रत्येकीवर एक काळी फुली. खालचा मंच फिरवा. गोल चकतीवरची फुली जागची हलत नाही. फुलीचे हात कसे वळलेत यावरून जात ओळखायची. तेलविहिरीतल्या खडकाचं वय सांगणाऱ्यांचं निम्मं आयुष्य यातच जातं, आणि माझे विद्यार्थी पहिल्या दिवशी हमखास धुळीच्या कणाला जीवाश्म म्हणायचे.

प्रश्न : चुनखडीत कार्बन कायमचा अडकतो. मग हे शैवाल मुद्दाम वाढवून तापमानवाढ रोखता येईल का? – एक अभियंता, पुणे

उत्तर : चकत्यांच्या भरवशावर नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे दोन कण खर्चून चुनखडीचा एक कण होतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा एक कण सुटतो. तीच पेशी प्रकाशसंश्लेषणात तो वायू घेतेही, आणि चकत्यांच्या वजनाने लेंड्यांबरोबर सेंद्रिय कार्बन खोल जातो. त्यामुळे जमाखर्च ठिकाणानुसार बदलतो; तुम्ही फक्त जमेची बाजू धरलीत. शिवाय पाण्यात खत ओतलं म्हणून हेच शैवाल माजेल असंही नाही. अरबी समुद्रात पावसाळ्यात तळचं पोषक पाणी वर येतं तेव्हा डायटम हे दुसरं एकपेशीय शैवालही सपाटून वाढतं, आणि त्याचं कवच सिलिकाचं असतं, चुनखडीचं नाही.