चौथा विभाग सापडेपर्यंत

कोल्हापूर

चि. ... यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सातपैकी सहा विभाग तुझ्याकडे जमलेत. चौथा आणि पुरवणी अडलीय. पुण्याचा एक विक्रेता आठही विभाग एकसारख्या बांधणीत देतो म्हणतो, तेव्हा आपले सहा फुंकून तो संच उचलावा असं तुझ्या मनात आलंय. जरा थांब.

शब्द बघायचा असेल तर हा अख्खा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. तेव्हा ही भूक वाचनाची नव्हे. तुला खुपतंय ते कपाटातलं दात पडल्यासारखं दिसणारं भगदाड. त्यात लाजायचं काही नाही, नाद म्हटला की हे आलंच. पण कशाचा नाद आहे हे ठाऊक असलं की पैसे कुठे थांबवायचे तेही कळतं.

पहिलं काम: एका कार्डावर ‘पूर्ण’ म्हणजे काय ते लिही. सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० साली. मग पुरवणीशिवाय संच पूर्ण धरायचा का? पहिलीच आवृत्ती हवी, की पुनर्मुद्रण चालेल? बांधणी मूळची हवी, की नुसती उंची जुळली तरी पुरे? या तीन प्रश्नांची उत्तरं शाईने लिहून कपाटाच्या दाराला आतून लाव. कार्ड नसलं की समोर येईल त्या पुस्तकाप्रमाणे व्याख्या बदलत जाते आणि खिसा रिकामा होतो.

आणि मुळात एकसारखा संच किती जणांकडे असतो? वर्गणीदार पहिल्या भागाला उत्साहाने येतात, मग गळत जातात, म्हणून शेवटचे भाग बहुधा दुर्मीळ. पुरवणी तर बारा वर्षांनी आली. सात विभाग घेतलेली सगळी घरं तिच्यासाठी परत आली असतील कशी? केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ भाग १९२० ते १९२९ या नऊ-दहा वर्षांत बाहेर पडले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, शेवटचे या शतकातले. इतक्या वर्षांत कागद, कापड, ठशाची शाई तीच कशी राहील? निघताक्षणी एकेक खंड घेणाऱ्या माणसाच्या कपाटातही पाठी जुळत नाहीत. त्यामुळे कुणी अगदी एकसारखा जुना संच दाखवला, तर मी आधी विचारतो, पुन्हा बांधून कधी घेतला?

बहुतेक वेळा तेच निघतं. बाइंडरने सगळे भाग एका रेक्झिनमध्ये घातलेले असतात, आणि ते एका उंचीचे दिसावेत म्हणून कडा कापलेल्या असतात. पान उघडून वरचा समास आणि खालचा समास बघ. पृष्ठांक कडेला टेकलेला दिसला, किंवा कुणी समासात लिहिलेली टीप अर्धवट कापली गेली असेल, तर कटर चाललाय. आता कण्याकडे बघ. पुस्तक पूर्ण उघडून मधल्या खोबणीत दोरा दिसला तर जुजबंदी शिलाई आहे, ती उत्तम. वरून आरपार टोचून तारेचे टाके मारले असतील तर पान सपाट उघडणार नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तार गंजून कागद खाते.

चौथा विभाग सुटा मिळालाच, तर तो असा तपास. मुखपृष्ठ (बाहेरचं कव्हर नव्हे, आतलं नावाचं पान) आणि त्यामागचं पान वाच. साल शके असेल तर ७८ मिळव, म्हणजे शके १८५४ हे १९३२ (चैत्राआधीचे महिने असतील तर ७९). मग फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेले पानांचे गठ्ठे, मोज. दर आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्याच्या पहिल्या पानावर, तळाशी, बारीक आकडा असतो. ते आकडे ओळीने आले पाहिजेत. एखादा आकडा गळाला तर फर्मा गेला, दोनदा आला तर बाइंडरने चुकून दोनदा शिवला, आणि अशा वेळी पुढचा कुठला तरी बहुधा गायब असतो. नुसते पृष्ठांक चाळणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण घाईत तो पन्नास-पन्नास पानांच्या उड्या मारतो.

कोल्हापुरात विकत घेताना आणखी एक तपासणी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत इथल्या कितीतरी घरांची आणि दुकानांची पुस्तकं भिजली, आणि वाळवलेली पुस्तकं बाजारात फिरत असतात. खालच्या कडेला चहासारखी तपकिरी रेघ, पुठ्ठ्याला पोक, खोबणीत बोटाला लागणारी बारीक माती, आणि नाकाशी धरल्यावर गाळाचा वास. अशा पुस्तकातली बुरशी शेजारच्या सहा विभागांत जाईल. स्वस्त पडतंय म्हणून घरी आणू नको.

भावाचं गणित सोपं आहे. समजा, पूर्ण संच आठ हजारांना आहे, म्हणजे सरासरी हजाराला एक. सुट्या चौथ्यासाठी दोन हजारांपर्यंत जावं, त्यापुढे नाही. आणि ‘माझ्याकडे बाकीचे आहेत’ हे वाक्य दुकानात उच्चारू नको. विक्रेत्याच्या लेखी सुटा भाग म्हणजे अडगळ, पण त्याला तुझी गरज कळली की तोच भाग सोनं होतो. तीन-चार भागांचा मोडका संच मिळाला आणि त्यात चौथा असेल, तर सगळाच घे. जास्तीचे भाग अदलाबदलीला कामी येतात. ग्रंथालयांनी रद्द केलेल्या पुस्तकांकडेही लक्ष ठेव. शिक्का असला तरी चालेल, पण ‘रद्द’ची नोंद त्यावर हवी, नाहीतर ते पुस्तक अजून ग्रंथालयाचंच. जो भाग सर्वांत जास्त वापरला जातो तोच तिथे फाटतो, हेही लक्षात असू दे.

उंची किंवा रंग जुळत नाही एवढ्यासाठी पुस्तक कधीही बांधून घेऊ नको. मूळचं कापड, अस्तराचं पान, आधीच्या मालकाची सही हे सगळं एकदा उतरवलं की गेलं. पाठी जुळवायच्याच असतील तर प्रत्येक भागाला कोऱ्या आम्लविरहित कागदाचं सुटं वेष्टन घाल, त्यावर एकाच अक्षरात नाव आणि विभागाचा आकडा लिही. चिकटपट्टी पुस्तकाला लावायची नाही, घड्या आत वळवायच्या. पीव्हीसीचं पारदर्शक कव्हर टाळ, उन्हाळ्यात ते पुठ्ठ्याला चिकटतं. शिलाई खरंच सुटली असेल तर बाइंडरला तीन गोष्टी लिहून दे: जुजबंदी, कडा कापायच्या नाहीत, फेव्हिकॉल नको, खळ वापरा. त्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे. तीही नको म्हणून सांग, तांब्याने कागद लवकर जून होतो.

नवीन आलेला भाग लगेच फळीवर चढवू नको. हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेव, कसर (कागद खाणारी कीड) मरते. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट पानांवर बसेल. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे असू दे, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला.

तेव्हा पुण्याचा संच तूर्त राहू दे. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा ठेव, म्हणजे शेजारचे कलणार नाहीत. आणि तरीही राहवत नसेल, तर त्या विक्रेत्याकडून चार फोटो मागव: चौथ्याच्या मुखपृष्ठामागचं पान, कोणत्याही फर्म्याचा तळाचा आकडा, मधल्या खोबणीतली शिलाई, आणि आठही पुस्तकांच्या वरच्या कडा एका ओळीत. फोटो आले की मला पाठव.

तुझा,
...