बागेत फॅमिली फोटो काढताना मुलं हललेली आणि चेहरे काळवंडलेले येतात. काय चुकतंय?

आधी वेळ बदला. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडणारच. सूर्यास्ताआधीचा तास उत्तम, पण मुलांची झोप झालेली आणि पोट भरलेलं हवं. भुकेल्या पोराचा फोटो कितीही महागड्या लेन्सने चांगला येत नाही! दुपारीच जायचं असेल तर दाट, सलग सावली शोधा. पानांतून चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडतील अशी जागा नको.

हलण्यावर उपाय शटर स्पीड, म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहतं ते. धावत्या मुलांसाठी १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. फोटोत थोडे दाणे आले तर खपतात, हललेला चेहरा नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ/४ ते ५.६ ठेवा. एफ/१.८ वर, म्हणजे छिद्र मोठं ठेवलं की, एकाचे डोळे स्पष्ट आणि मागचे आजोबा धूसर, असं होतं.

स्वतः गुडघ्यावर बसा, मुलांच्या उंचीवर या. "स्माइल दे" म्हणू नका, "बाबांच्या कानात गुपित सांग" म्हणा आणि बर्स्ट (एकापाठोपाठ सलग फोटो) चालू ठेवा. मोठ्यांना मात्र बजावून ठेवा की नजर कॅमेऱ्याकडेच. मूल एक क्षण इकडे बघतं, आणि नेमकं तेव्हाच आई त्याचे केस सारखे करत असते.