लेख ब्लॉगवर, हाळी सगळीकडे

स्वतःचा ब्लॉग सांभाळून समाजमाध्यमांचा वापर कसा करावा, याबद्दल सातारा-सांगलीकडच्या वाचकांचे प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी वर्डप्रेसवर वाई परिसरातल्या घाटांबद्दल लिहितो. लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर ओळ उमटते आणि काही जणांकडे ती उघडतच नाही. माझा मित्र ब्लॉगरवर लिहितो. त्याच्या लिंकांत नुसतंच 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा येतो. असं का? (निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर: दोन्हींचं मूळ एकच आहे, देवनागरी शीर्षक. वेबपत्त्यात थेट चालतात ती फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, साठवताना ३ बाइट घेतं. पत्त्यात उतरताना त्यातल्या एकेका बाइटची ३ चिन्हं होतात: एक टक्क्याचं आणि दोन रोमन अक्षरं किंवा आकडे. म्हणजे एकाचे नऊ. 'मेणवलीचा घाट' हे शीर्षक मोजून बघा. म, मात्रा, ण, व, ल, वेलांटी, च, काना ही झाली ८. घ, काना, ट ही ३. एकूण ११, नवाने गुणून ९९, आणि दोन शब्दांमधली आडवी रेघ धरून बरोबर १००. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांपर्यंतच साठवतं. त्यामुळे देवनागरीची साधारण २२ चिन्हं झाली की पुढचं शीर्षक पत्त्यातून छाटलं जातं. एवढी लांब ओळ कॉपी करताना शेपटाचा तुकडा सुटला, की ज्याला पाठवली त्याच्याकडे पान सापडत नाही.

ब्लॉगरची तऱ्हा उलटी. ते पत्ता करताना रोमन नसलेली अक्षरं गाळून टाकतं. मराठी शीर्षकात मग काहीच उरत नाही, म्हणून ठरावीक नाव लागतं.

उपाय सोपा आहे, पण तो प्रकाशित करण्याआधीच करायचा. वर्डप्रेसमध्ये उजवीकडच्या पट्टीत 'स्लग' असतो, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग. त्यात रोमन लिपीत दोन-तीन शब्द आडव्या रेघेने जोडून लिहा: मेणवली, रेघ, घाट, एवढं पुरे. ब्लॉगरमध्ये उजवीकडे 'परमालिंक' उघडून 'कस्टम परमालिंक' निवडा आणि तिथे हेच लिहा. शीर्षक मराठीतच राहू द्या, त्याला धक्का लागत नाही.

जुन्या लेखांचं काय? वर्डप्रेसमध्ये स्लग बदलला तर जुनी लिंक आपोआप नव्या पानाकडे वळते. ब्लॉगर तसं करत नाही. तिथे आधी लेख मसुद्यात परत न्यावा लागतो, पत्ता बदलून पुन्हा प्रकाशित करावा लागतो, आणि सेटिंग्जमधल्या 'कस्टम रीडायरेक्ट'मध्ये जुना व नवा पत्ता हाताने भरावा लागतो. तेव्हा मित्राला सांगा, सगळे लेख उकरत बसू नका. लोक पुन्हा पुन्हा मागतात असे पाच-दहा लेख तेवढे दुरुस्त करा.

प्रश्न: ब्लॉगबरोबर एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) लिहावं, थ्रेड्सवर, मॅस्टडॉनवर की ब्लूस्कायवर? मराठीला जागा कुठे जास्त मिळते? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगली)

उत्तर: पैसे न भरणाऱ्या खात्याला एक्सवर २८० चिन्हं मिळतात, ब्लूस्कायवर ३००, आणि थ्रेड्सवर ५००. मॅस्टडॉन वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरांवर चालतं; तिथेही एरवी ५००च असतात, सर्व्हर चालवणाऱ्याने वाढवली नसतील तर. पण मोजण्याची पद्धत वेगळी आहे आणि मराठीत फरक पडतो तो तिथेच. एक्स प्रत्येक काना, मात्रा आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा मोजतं. 'कृष्णा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, एक्सच्या हिशेबात तो ६ भरतो. ब्लूस्काय दिसणारं अक्षर मोजतं, तिथे तोच शब्द दोन-तीनांत बसतो. म्हणून ३०० हा आकडा २८०च्या जवळचा वाटला, तरी मराठी मजकूर ब्लूस्कायवर बराच जास्त मावतो. एक्सवर साधारण ४० मराठी शब्द धरून चाला. लिंक कितीही लांब असली तरी एक्स आणि मॅस्टडॉन तिची २३च चिन्हं मोजतात, तेव्हा लिंक आखूड करणाऱ्या सेवांच्या नादी लागू नका. ती सेवा उद्या बंद पडली, तर तुमच्या सगळ्या जुन्या लिंका एका दिवसात मुक्या होतील.

माध्यम निवडायचं ते तुमचे वाचक कुठे आहेत ते पाहून. दोन नीट चालवा. चार ठिकाणी खाती उघडून तिथे धूळ साचू देण्यात अर्थ नाही.

प्रश्न: लेख प्रकाशित केला की फेसबुकवर आणि ट्विटरवर आपोआप जायचा. ते बंद झालं. माझंच काही चुकलं का? (कराड)

उत्तर: तुमचं काही चुकलेलं नाही. फेसबुकने ऑगस्ट २०१८पासून बाहेरच्या साधनांना व्यक्तिगत प्रोफाइलवर पोस्ट टाकायला मनाई केली. पेजवर अजून टाकता येतं. ट्विटरने २०२३मध्ये बाहेरच्या सेवांच्या जोडणीचे दर वाढवले, तेव्हा वर्डप्रेसला जोडायच्या जेटपॅक या प्लगइननेही तिथे आपोआप पाठवणं थांबवलं.

फेसबुकसाठी पेज काढा आणि जेटपॅक सोशलला जोडा. ब्लॉगर वापरत असाल तर ब्लॉगची फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप तयार होणारी यादी, आयएफटीटीटीसारख्या सेवेला द्या, नवा लेख आला की ती पोस्ट टाकते. दोन साधनं एकाच पेजला जोडू नका, प्रत्येक लेख दोनदा जाईल. आणि तुमच्या पोस्ट ब्लॉगवर आपोआप उतरवणारं साधन चालू असेल, तर ते आधी बंद करा. नाहीतर ब्लॉगवरून पोस्ट, पोस्टवरून ब्लॉग असा रहाट फिरत राहतो.

वर्डप्रेसवर आणखी एक चांगली सोय आहे. ॲक्टिव्हिटीपब नावाचं प्लगइन बसवलं, की मॅस्टडॉनवरचा माणूस थेट तुमच्या ब्लॉगलाच फॉलो करू शकतो. वर्डप्रेस डॉट कॉमवर ही सोय ऑक्टोबर २०२३पासून आहे.

एक्ससाठी मात्र हाताने लिहा. तसंही आपोआप गेलेल्या पोस्टमध्ये असतं काय? शीर्षक आणि लिंक. त्यावर कोणी थांबत नाही.

प्रश्न: मी बेदाण्यावर आणि द्राक्षबागेवर लिहिते. रोज लिंक ग्रुपवर टाकली की लोक वैतागतात, नाही टाकली तर कोणी वाचत नाही. (तासगाव)

उत्तर: ग्रुप हा गप्पांचा कट्टा आहे, तिथे रोजची लिंक खटकणारच. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. तुमच्यासाठी व्हॉट्सॲप चॅनेल योग्य. भारतात ते सप्टेंबर २०२३मध्ये आलं. हवं तो येतो, नको तो जातो, आणि वाचणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ग्रुपवर चॅनेलची लिंक एकदाच द्या. पुढे ग्रुपवर लेख टाकायचा तो कोणी काही विचारलं आणि त्याचं उत्तर त्या लेखात असेल तेव्हाच.

लिंकबरोबर लिहिता काय, यावर सगळं अवलंबून आहे. 'बेदाणा निर्मितीवर नवा लेख, अवश्य वाचा' यात वाचणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'साधारण ४ किलो द्राक्षांतून १ किलो बेदाणा उतरतो. तो हिरवा राहावा म्हणून शेडमध्ये सावलीला वाळवतात, थेट उन्हात ठेवला तर तपकिरी पडतो. डिपिंगचं द्रावण, रॅकवर पसरण्याची पद्धत आणि वाळल्याची खूण लेखात दिली आहे.' हे वाचून कोणी लिंक उघडली नाही तरी त्याच्या पदरात काही पडलं. पुढच्या वेळी तो तुमचं नाव बघून थांबेल. लेख लिहून झाल्यावर अशा तीन ओळी लगेच काढून ठेवा, दोन दिवसांनी त्या सुचत नाहीत.

इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलमध्ये द्या किंवा स्टोरीवर लिंकचं स्टिकर लावा.

प्रश्न: लिंकबरोबर कधी फोटो दिसतो, कधी भलताच दिसतो, कधी दिसतच नाही. (इस्लामपूर)

उत्तर: लेखाला 'फीचर्ड इमेज' लावा, १२०० बाय ६३० पिक्सेल, वजन ३०० केबीच्या आत. फाइल जड असली की व्हॉट्सॲप तिला वगळतं. व्हॉट्सॲपवर लिंकबरोबर दिसणारी फोटो-शीर्षकाची चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते. लिंक चिकटवल्यावर चौकट दिसेपर्यंत थांबा, मगच पाठवा. घाईने बाण दाबला की नुसती लिंक जाते. फेसबुकवर जुना फोटो अडकून बसला असेल, तर त्यांच्या शेअरिंग डिबगरमध्ये लिंक टाकून 'स्क्रेप अगेन' दाबा.

प्रश्न: पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आम्ही काही जण पातळीची माहिती देतो. गेल्या खेपेला आमचाच जुना निरोप दोन दिवसांनी परत फिरून आला आणि लोक घाबरले. ब्लॉग आणि छोट्या पोस्ट यांचा मेळ कसा घालावा? (सांगली)

उत्तर: २००५, २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेल्या शहरात हा प्रश्न जिवाशी निगडित आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

निरोप परत फिरला, कारण त्यात वेळ नव्हती किंवा 'आज', 'आत्ता' असे शब्द होते. 'आत्ता' हा शब्द फॉरवर्ड होताना म्हातारा होत नाही, तो कायम ताजाच वाटतो. प्रत्येक पोस्ट एकटी वाचली तरी पुरी पडावी अशी लिहा. ठिकाण, तारीख, वेळ, पातळी, मागच्या मोजणीपासूनचा फरक आणि माहिती कुठून घेतली, एवढं सगळं तीत हवं. नमुना: 'सांगली, आयर्विन पूल. तारीख अमुक, सकाळी ७. पाणी ३८ फूट ४ इंच. पहाटे ४पासून ५ इंच वाढ. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पाटबंधारे विभागाच्या नोंदीवरून. पुढची नोंद १० वाजता.' हे एक्सच्या २८०मध्येही बसतं. शेवटचं वाक्य गाळू नका. पुढची नोंद कधी ते कळलं, की मधल्या वेळात अफवेला जागा कमी मिळते.

एकके पूर्ण लिहा. पुलाची पातळी फुटांत, कोयनेचा साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) आणि विसर्ग क्युसेकमध्ये असतो. विसर्ग म्हणजे दर सेकंदाला सुटणारे घनफूट. नुसता आकडा पुढे गेला की साठ्याचा आकडा विसर्ग म्हणून फिरतो आणि घबराट उडते.

ब्लॉगवर त्या पुरापुरतं एकच पान उघडा. सगळ्या नोंदी त्याच पानावर, सगळ्यात नवी वर, आणि अगदी डोक्यावर 'शेवटची नोंद' म्हणून तारीख-वेळ. प्रत्येक छोट्या पोस्टखाली याच पानाची लिंक द्या. मग चार दिवसांनी जुनी पोस्ट कोणाच्या हाती पडली, तरी लिंक त्याला ताज्या आकड्यावर नेते. फोटोवर तारीख-वेळ छापूनच टाका, कारण खालचा मजकूर सुटतो आणि फोटो एकटाच फिरतो.

आकडा चुकला तर पोस्ट गुपचूप पुसू नका. तोवर तिचे स्क्रीनशॉट गेलेले असतात. 'दुरुस्ती' या शब्दाने सुरू होणारी नवी पोस्ट टाका, तीत चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही आकडे द्या, आणि ब्लॉगच्या पानावरही दुरुस्ती दिसू द्या. स्वतः खात्री न केलेला आकडा तर टाकूच नका. आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट उडवली, तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५च्या कलम ५४ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

पाणी ओसरलं की ते पान तसंच ठेवा. कोणत्या पातळीला कोणत्या गल्लीत पाणी शिरलं, याच्या वेळेसकट नोंदी पुढच्या पावसाळ्यात त्या गल्लीतल्या माणसाच्या फार उपयोगी पडतात. त्या पोस्टच्या ढिगात राहिल्या तर कोणाला सापडणार नाहीत.

प्रश्न: मी तीन वर्षं एका छोट्या माध्यमावरच लिहिलं. ते बंद पडलं, लेखन गेलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? (फलटण)

उत्तर: तीन वर्षांचं लेखन जाणं ही मोठी हानी आहे. आधी मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲपवर, ईमेलवर आणि स्वतःच्या फोनमधल्या स्क्रीनशॉटमध्ये शोधा, बरंच हाती लागू शकतं. गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये बंद झालं आणि मराठीत लिहिता येणारं कू जुलै २०२४मध्ये. दुसऱ्याच्या जागेवरचं लेखन असंच जातं. म्हणून आता क्रम बदला: मजकूर आधी ब्लॉगवर, मग बाहेर. चार ओळींची टिपणंसुद्धा आठवड्याला गोळा करून ब्लॉगवर एका लेखात उतरवा.

दर तीन महिन्यांनी प्रत काढा. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधून 'बॅक अप कंटेंट', वर्डप्रेसमध्ये 'टूल्स'मधून 'एक्स्पोर्ट'. दोन्हीकडच्या या फाइलीत मजकूर येतो पण फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. मूळ फोटो वेगळे जपा. एक्सवर सेटिंग्जमधून संग्रह मागवता येतो, तो तयार व्हायला एक दिवस किंवा जास्त लागतो.

प्रश्न: कासच्या फुलांचे फोटो मी ब्लॉगवर मोठ्या आकारात टाकतो आणि एक्सवर छोटे. दुर्मीळ वनस्पतीची जागा लोकांना कळू नये म्हणून मी लेखात ठिकाण लिहीत नाही. एवढं पुरेल का? (सातारा)

उत्तर: नाही. फोनचा कॅमेरा लोकेशन चालू असताना फोटोच्या फाइलीत अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. मोठी समाजमाध्यमं फोटो चढवताना ही माहिती काढून टाकतात, त्यामुळे एक्सवरच्या छोट्या फोटोतून सहसा काही कळत नाही. ब्लॉगवर चढवलेल्या मूळ फाइलीत मात्र ती तशीच राहू शकते. कोणीही तो मोठा फोटो उतरवून त्या झाडापर्यंत पोचू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करून मगच पठारावर जा. आधी काढलेले फोटो संगणकावर घ्या. विंडोजमध्ये फाइलवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'डीटेल्स', आणि तळाशी वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा पर्याय आहे, त्याने साफ केलेली प्रत चढवा. ब्लॉगवर आधीच असलेले फोटो एकेक उतरवून त्याच 'डीटेल्स'मध्ये जीपीएसची ओळ आहे का ते बघा. असेल तर जुनी फाइल ब्लॉगच्या मीडिया लायब्ररीतूनही काढा, नुसती लेखातून नको.