फुलबॅक आता कडेने धावण्याऐवजी मैदानाच्या मध्यभागी का दिसतात?

फुटबॉलमध्ये पूर्वी कडेने धावत जाऊन क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला पास) देणारे फुलबॅक, म्हणजे डाव्या-उजव्या कडेचे बचावपटू, आता मध्यभागी का खेळतात आणि आक्रमक फुलबॅकचे दिवस संपले असे समजावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते मुळीच संपलेले नाहीत. फुलबॅकने कोठे जायचे हे बहुतांशी त्याच्यापुढे खेळणारा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक खेळाडू, ठरवतो, आणि विंगरची जागा बदलली की फुलबॅकची वाटही बदलते.

फुलबॅकने पुढे जाणे ही आजची गोष्ट नाही. 1960च्या दशकात, बचावासाठी ख्यातनाम असलेल्या इंटर मिलान संघात डावा बचावपटू जाचिंतो फाक्केत्ती गोल करत असे, आणि 1970च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध ब्राझीलचा चौथा गोल उजव्या कडेने मुसंडी मारत आलेल्या कार्लोस आल्बेर्तोने केला.

कडेचे खेळाडू आत वळून स्वतःच गोल करू लागले, तेव्हा मात्र फुलबॅकचे महत्त्व फार वाढले. प्रशिक्षक युर्गन क्लॉपच्या लिव्हरपूलमध्ये सालाह आणि माने हे कडेचे आक्रमक आत शिरत, मधला आक्रमक फर्मिनो मागे उतरत असे, आणि प्रतिस्पर्धी बचावपटू मध्यभागी ओढले गेल्याने दोन्ही कडा ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्ड व अँड्र्यू रॉबर्टसन या फुलबॅकना मोकळ्या मिळत. 2018-19च्या प्रीमियर लीगमध्ये या दोघांच्या नावावर अनुक्रमे 12 आणि 11 असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) होते. पुढच्या, विजेतेपदाच्या हंगामात 13 आणि 12. यामागे हेंडरसन, वाइनाल्डम आणि फाबिन्यो या मधल्या फळीतील खेळाडूंचा मोठा त्याग होता, कारण फुलबॅक पुढे गेले की त्यांची रिकामी जागा हेच झाकत, आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळाले नाही असे मला मनापासून वाटते.

प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी 2013 नंतर बायर्न म्युनिकमध्ये वेगळा विचार मांडला. विंगरच टचलाइनला (मैदानाच्या बाजूच्या सीमारेषेला) चिकटून उभा असेल, तर त्याच कडेने फुलबॅकला धावायला लावून दोघांची गर्दी कशाला करायची? म्हणून लाम आणि आलाबा हे फुलबॅक आत येऊन बचावफळीच्या पुढे उभे राहू लागले. याचा खरा लाभ चेंडू गमावल्यानंतर दिसतो, कारण प्रतिहल्ल्याचा सर्वांत जवळचा मार्ग मैदानाच्या मध्यातून जातो आणि तिथे आधीच माणसे असतात. शिवाय मधल्या फळीतील इतर खेळाडू निर्धास्तपणे पुढे जाऊ शकतात. ग्वार्डिओलांच्याच मँचेस्टर सिटीत पुढे झिनचेन्को, कान्सेलो या फुलबॅकनी हेच केले, आणि 2023 मध्ये तर जॉन स्टोन्स हा मूळचा सेंटर बॅक (बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा) मधल्या फळीत जाऊन खेळू लागला.

या पद्धतीची किंमतही आहे. आत आलेल्या फुलबॅकच्या मागची कड उघडी पडते. एप्रिल 2023पासून अलेक्झांडर-अरनॉल्ड मध्यभागी येऊ लागला, तेव्हा त्याचे पास अधिक धोकादायक झाले, पण त्याच्या पाठीमागची जागा प्रतिस्पर्ध्यांना खुणावू लागली.

अलीकडचा फुलबॅक या दोन्ही वाटा एकाच सामन्यात चालतो. 31 मे 2025 रोजी म्युनिकमध्ये झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेनने इंटरला 5-0 असे हरवले. त्यातील पहिला गोल 12व्या मिनिटाला उजवा फुलबॅक अश्रफ हकीमी याने केला, आणि सहकारी डुएने डावीकडून दिलेला पास त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा तो कडेलाही नव्हता, मधल्या फळीतही नव्हता, तर थेट गोलसमोर उभा होता.