तिरकामठ्याने एल्कची शिकार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझे मूळ गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला असून मी बेळगावात नोकरी करतो. माझा शाळासोबती अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात स्थायिक झाला आहे व दर सप्टेंबरला तो तिरकामठ्याने एल्कच्या (तिकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातो. पुढील वर्षी मीही यावे असा त्याचा आग्रह आहे. मी लक्ष्यावर नियमित सराव करतो, मात्र जनावरावर आजवर बाण सोडलेला नाही. आजोबांच्या काळातील हाकाऱ्याच्या हकिकती तेवढ्या ऐकल्या आहेत. तेथील नियम, लागणारी तयारी आणि दोघांनी मिळून ही शिकार कशी करावी, याविषयी मार्गदर्शन करावे. हा काळ नेमका गणपतीचा आणि पितृपंधरवड्याचा असल्याने आईची नाराजी आहे, तीही कळवतो.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे भीमगडच्या रानातल्या सांबरावर किंवा गव्यावर ‘सराव’ करण्याचा विचारही मनात आणू नये. कोलोरॅडोत मात्र एल्कची शिकार राज्याच्या वन्यजीव खात्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या संख्येच्या परवान्यांवर चालते. अमेरिकेतील इतर कोणत्याही राज्यापेक्षा तेथे एल्क अधिक आहेत. पूर्वी बाहेरच्या राज्यांतील व परदेशी शिकाऱ्यांना धनुष्याचा परवाना बऱ्याच भागांत सरळ विकत मिळत असे. २०२५ पासून पश्चिमेकडील डोंगराळ भागात त्यांना सोडतीतूनच जावे लागते. सोडतीचे अर्ज मार्चमध्ये सुरू होतात व एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपते, म्हणून दिवाळीनंतर लगेच मित्राशी बोलून शिकारीचा विभाग ठरवावा. परवान्याचा खर्च सुमारे ८०० डॉलर धरावा. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, आणि परदेशातून येणाऱ्याला त्याची व्यवस्था आधीच करावी लागत असल्याने ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

धनुष्याची ओढ किमान ३५ पौंड असावी आणि बाणाचे पाते किमान ७/८ इंच रुंद, पोलादाच्या निदान दोन धारांचे असावे, असा तेथील नियम आहे. ही कायद्याची किमान मर्यादा झाली; पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्याही पुढे जातो, तेव्हा पन्नास-साठ पौंडांची ओढ सहज, न थरथरता धरता येत असेल तरच निघावे. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बाण सोडता येतो. परवाना ज्याच्या नावावर असेल त्यानेच जनावर मारायचे असते. मित्राच्या परवान्यावर तुम्ही किंवा तुमच्या परवान्यावर त्याने मारलेले चालत नाही.

हाकाऱ्याच्या शिकारीत माणसे आरडाओरडा करून जनावर बंदुकीसमोर आणत. तिरकामठ्याच्या शिकारीत जनावराला तुमचा पत्ता लागता कामा नये, आणि म्हणूनच दोन मित्रांच्या जोडीला येथे खरे महत्त्व आहे. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ असतो. नर खालच्या सुरात सुरुवात करून शिट्टीसारखा उंच आवाज काढतो व शेवटी घुरघुरतो. मादी लहान, मऊ हाक देते. तोंडाने फुंकायच्या साधनांनी हे आवाज काढता येतात. ज्याला ते नीट जमतात, म्हणजे बहुधा तुमच्या मित्राने, मागे झाडीत थांबून हाक द्यावी, आणि बाण मारणाऱ्याने त्याच्या पुढे चाळीस-पन्नास मीटरवर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, झाडाला पाठ लावून थांबावे. नर हाकेच्या मागावर सरळ येत नाही. वास घेण्यासाठी तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालतो आणि हाक देणारा दिसेना की अडून उभा राहतो. तो अडून राहावा तो तुमच्यासमोर, अशा बेताने जागा निवडायची असते.

वाऱ्याचे गणित डोंगरात ठरलेले असते. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि उन्हे तापली की तीच वर चढू लागते, म्हणून सकाळी वरच्या अंगाला असलेल्या जनावराकडे खालून जावे आणि हवा फिरताच मार्ग बदलावा. एल्कची नजर चुकवता येते, आवाजाचेही निभावते. वास एकदा लागला की त्या कळपाचा नाद त्या दिवसापुरता सोडलेलाच बरा.

बाण सोडण्याचे अंतर हा तुमच्या प्रामाणिकपणाचा विषय आहे. मैदानावर साठ मीटरवर लक्ष्य साधते म्हणून रानात तेवढ्या लांबून मारू नये. पहिल्या वर्षी तीस मीटर ही मर्यादा मित्रासमक्ष ठरवावी आणि पाळावी. जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असावे. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाशी फुप्फुसांचा परातीएवढा भाग असतो, तेथे बाण लागावा. समोरून किंवा खांद्याच्या हाडावर मारलेला बाण जनावराला फक्त जखमी करतो. त्याचे डोके झाडाआड जाईल तेव्हाच धनुष्य ओढावे.

बाण लागल्यानंतरच्या वेळेबद्दल मला सर्वांत अधिक काळजी वाटते. नवखा माणूस लगेच धावतो आणि जखमी एल्क त्या धावण्याने कितीतरी लांब जातो. फेसाळ, गुलाबी रक्त दिसले तर फुप्फुस समजावे आणि तरीही निदान अर्धा तास बसून राहावे. गडद रक्त यकृताचे असते, तेव्हा कित्येक तास थांबावे. पोटातील घाण बाणाला लागली असेल तर सहा तासांहूनही अधिक. माग मित्राने काढावा व तुम्ही शेवटच्या रक्ताच्या थेंबाशी उभे राहावे, हे आधीच ठरलेले असावे.

मांस खाली आणणे ही पुढची गोष्ट. एका मोठ्या नराचे नुसते मांस शंभर किलोंच्या आसपास भरते, म्हणजे दोघांनी पंचवीस-तीस किलोंची ओझी पाठीवर घेऊन किमान दोन खेपा कराव्या लागतात. सप्टेंबरात दुपारी ऊन तापते आणि कातडे वेळेवर न काढल्यास मागच्या मांडीचे मांस हाडाजवळ नासते, म्हणून ते सोलून, वेगळे करून, सुती पिशव्यांतून सावलीत टांगावे लागते. खाण्यायोग्य मांस रानात टाकून येणे तेथे गुन्हा आहे. त्यामुळे रस्त्यापासून किती आत गेल्यावर बाण सोडायचा नाही, तेही घरीच ठरवावे. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. परवान्यावर मादीची मुभा असेल तर पहिल्या वर्षी मादीच मारावी, असे मी आग्रहाने सुचवतो: ओझे कमी, मांस अधिक कोवळे.

शरीराची तयारी आतापासून करावी. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, आणि तेथे तुम्हाला अडीच ते साडेतीन हजार मीटरवर चालायचे आहे. येळ्ळूरचा राजहंसगड पाठीवर वजन घेऊन चढण्याचा सराव पायांसाठी उत्तम, परंतु विरळ हवेची सवय येथे होत नाही. दोन-तीन दिवस आधी पोहोचून मध्यम उंचीवर राहावे. डोके दुखणे, मळमळ वाढत गेल्यास खाली उतरावे, शिकार दुसऱ्या वर्षी मिळते. धनुष्याने जाणाऱ्या दहांपैकी साधारण एकालाच एल्क मिळतो, हेही मनात धरून जावे.

आईच्या नाराजीविषयी: सप्टेंबरात गणपती, पितृपंधरवडा किंवा नवरात्र यांपैकी काही ना काही असतेच, त्यामुळे तारखा बदलून सुटका होणार नाही. गौरी-गणपती घरी करावेत व महिन्याच्या उत्तरार्धात निघावे. माजाचा जोर तेव्हाच असतो. तेथे मांस खायचे की नाही हे आईशी बोलूनच ठरवावे, ते गोठवून मित्राच्या शीतकपाटात ठेवल्यास महिनोन्‌महिने टिकते.

प्रश्न: माझा भाचा कोलोरॅडोहून एल्कची शिंगे व वाळवलेले मांस आणणार म्हणतो. आणावे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: आणू नये. वन्यप्राण्यांचे अवयव व त्यांच्या वस्तू भारतात आणण्यावर कडक निर्बंध आहेत आणि विमानतळावर जप्तीची वेळ येऊ शकते. शिंगांची छायाचित्रे त्याने आणावीत. मांसाबाबत त्याला आणखी एक सांगावे: कोलोरॅडोत हरीणवर्गातील जनावरांना मेंदू झिजवणारा एक रोग होतो, जो १९६७ मध्ये प्रथम तेथेच आढळला. माणसाला तो झाल्याचे आढळलेले नाही, तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. मारलेल्या एल्कच्या डोक्याची तपासणी राज्याचे वन्यजीव खाते करून देते. तिचा अहवाल हाती येईपर्यंत भाच्याने ते मांस तेथेही शिजवू नये.